आठ वर्षांची विद्या आणि पेढीचा हिशेब

बारावीचा आणि ‘नीट’चा निकाल हाती आला, की व्यापारी घरांत रात्री एक बैठक हमखास भरते. दुकान वाढवून आलेले वडील आणि काका, लोडाला टेकलेले आजोबा, दारापाशी आई आणि काकू, आणि मधोमध गुणपत्रक घेऊन बसलेली मुलगी. शासकीय महाविद्यालयातील एम.बी.बी.एस.ची जागा थोड्या गुणांनी हुकलेली असते, बी.डी.एस.ची, म्हणजे दंतवैद्यकाची, जागा आवाक्यात असते. या पर्यायाला घरातून सहसा विरोध होत नाही. दाताचा दवाखाना म्हणजे ठरलेली वेळ, रात्रीची धावपळ नाही, हवे तर पेढीच्या वरच्या मजल्यावर दोन खुर्च्या टाकता येतील आणि सासर कोठेही मिळाले तरी हातची विद्या सोबत जाईल. बैठक थबकते ती मुलीच्या पुढच्या वाक्यावर. तिला बी.डी.एस.वर थांबायचे नसते. त्यानंतर आणखी तीन वर्षे मुख आणि जबड्याची शल्यचिकित्सा, म्हणजेच ‘ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जरी’, शिकायची असते. मग आजोबांचा प्रश्न येतो : “दात काढायला आठ वर्षं कशाला लागतात, बेटा?”

प्रश्न भाबडा आहे, पण गैरलागू नाही. त्याच घरातला चुलतभाऊ विसाव्या वर्षी गल्ल्यावर बसतो आणि अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत दुसरे दुकान उघडतो. तेवढ्याच काळात ही मुलगी केवळ शिकत राहणार, घरातून पैसा जात राहणार आणि लग्नाची बोलणीही लांबणार. ज्या घरात भांडवल किती दिवस अडकले याचा विचार रोज होतो, तेथे या आठ वर्षांचा हिशेब मागितला जाणे स्वाभाविकच आहे. तो नीट मांडायचा तर या विद्येत नेमके काय शिकावे लागते, येथून सुरुवात करावी लागते.

या शाखेच्या इतिहासात एक दंतवैद्य असा होऊन गेला, की त्याची कहाणी सांगितल्यावर आजोबांचा प्रश्न निम्मा सुटतो. वराझताद कझांजियन हा 1879 मध्ये ऑटोमन साम्राज्यातील एर्झिंजान येथे जन्मलेला आर्मेनियन मुलगा. 1895 मध्ये तो अमेरिकेत वूस्टर येथे आला आणि तारेच्या कारखान्यात कामाला लागला. मजुरी करता करता शिकून त्याने 1905 मध्ये हार्वर्डची दंतवैद्यकाची पदवी मिळवली. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये, हार्वर्डच्या वैद्यकीय पथकाबरोबर तो फ्रान्सला गेला. खंदकांत लढणाऱ्या सैनिकांचे धड मातीआड सुरक्षित राही आणि डोके वर काढताच गोळी चेहऱ्यावर लागे. त्यामुळे जबडे उडालेले, टाळू फाटलेले, बोलणे-गिळणे बंद झालेले हजारो जखमी तेथे येत. मोठमोठे शल्यविशारद जखमेच्या कडा ओढून शिवत आणि आतली हाडे तशीच वेडीवाकडी राहत. कझांजियनने आधी दात तारेने बांधून जबडा जागेवर आणला, उणिवेच्या जागी साचे बसवले आणि मग वरचे मांस शिवले. कारखान्यात तार वळवायला शिकलेली बोटे युद्धात अशी कामी आली. पण परतल्यावर त्याने जे केले ते अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. नावलौकिक मिळाल्यावर, चाळिशी उलटताना, तो पुन्हा विद्यार्थी झाला आणि 1921 मध्ये त्याने हार्वर्डची एम.डी. ही वैद्यकीय पदवी घेतली. दातापासून सुरू झालेले काम संपूर्ण चेहऱ्यापर्यंत पोहोचले, तर जुनी विद्या अपुरी पडते, हे त्याने स्वतःपुरते मान्य केले होते.

दंतवैद्याचेच हे काम का, याचे उत्तर चाव्यात आहे. खालचा जबडा धनुष्याच्या आकाराचा असतो; हनुवटीवर मार बसला, की तो पुष्कळदा दोन ठिकाणी मोडतो, एक मोड मार बसला तेथे आणि दुसरी दूर कानापाशी सांध्याजवळ. तुटलेली टोके डोळ्यांना जुळलेली दिसली तरी तेवढ्याने काम झाले असे नाही. वरचे आणि खालचे दात अपघातापूर्वी जसे एकमेकांत बसत होते तसे बसले, तरच हाड जागेवर आले असे समजायचे. अर्ध्या मिलिमीटरची चूकही रुग्णाला पहिल्या घासाला कळते. म्हणून आधी दात दातांवर बसवून तारेने बांधतात आणि मग टायटॅनियमची पातळ पट्टी स्क्रूंनी हाडावर बसवतात. दात बांधायचे असल्याने भुलीची नळी तोंडातून घालता येत नाही. भूलतज्ज्ञ ती बहुधा नाकातून उतरवतो. चेहऱ्यावर व्रण दिसू नये म्हणून छेद शक्यतो तोंडाच्या आतून, पापणीच्या कडेतून किंवा केसांच्या आड घेतात. ज्याला दातांची रचना मुखोद्गत आहे आणि ज्याने शस्त्रक्रियागृहात वर्षे काढली आहेत, त्याच्याच हातून हे नीट होते.

आता वर्षांचा हिशेब. बी.डी.एस.ची पाच वर्षे, त्यातले शेवटचे आंतरवासितेचे. पहिल्याच वर्षी शरीररचनाशास्त्राच्या टेबलापाशी डोके आणि मान यांतील प्रत्येक शीर, प्रत्येक स्नायू ओळखावा लागतो. मुख-शल्यचिकित्सा विभागात विद्यार्थी तिसऱ्या वर्षापासून जातो आणि भूल देऊन दात काढणे तेथे शिकतो. आजोबांच्या मनातली ‘दात काढण्याची’ विद्या म्हणायची तर ती येथेच संपते. पुढे ‘नीट-एम.डी.एस.’ ही अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा आहे; दिल्लीच्या एम्ससारख्या राष्ट्रीय संस्थांसाठी आय.एन.आय.-सी.ई.टी. ही वेगळी परीक्षा द्यावी लागते. दंतवैद्यकात पदव्युत्तर शाखा नऊ आहेत. गुणवत्ता यादीत वर असलेले अनेक जण दात सरळ करण्याची किंवा मुळांवर उपचार करण्याची शाखा पसंत करतात, कारण तेथे घड्याळ पाळता येते. शल्यचिकित्सेकडे येणारा बहुधा तिच्या ओढीनेच येतो. परीक्षेच्या तयारीत एखादे वर्ष जाणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. कुटुंबाने ते आधीच हिशेबात धरलेले बरे.

एम.डी.एस.ची तीन वर्षे म्हणजे जुन्या पेढीवरची उमेदवारीच. नव्या मुलाला जसे पहिल्या दिवशी कोणी किल्ल्या देत नाही, तसे पहिल्या वर्षीच्या निवासी डॉक्टरच्या हाती चाकू क्वचितच येतो. तो रुग्णाची हकिगत लिहितो, क्ष-किरण आणि सी.टी. स्कॅनचे चित्र घेऊन धावतो, टाके काढतो, वरिष्ठ शस्त्रक्रिया करत असताना चार-चार तास गाल ओढून धरतो. मूलभूत शास्त्रांची परीक्षा पहिल्या वर्षाअखेर असते. मधल्या काळात त्याला सामान्य शल्यचिकित्सा, भूलशास्त्र, अतिदक्षता आणि अपघात विभागांत पाठवले जाते, कारण चेहऱ्याचा जखमी केवळ चेहरा घेऊन येत नाही. त्याच्या मेंदूला मार असू शकतो, श्वास अडत असू शकतो, मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. रात्री दोन वाजता महामार्गावरून आणलेल्या, हेल्मेट न घातलेल्या तरुणाच्या तोंडातले रक्त आणि तुटलेले दात आधी काढायचे, श्वासाची वाट मोकळी करायची आणि मगच हाडाकडे बघायचे, हा क्रम पुस्तकात एका पानावर असतो. हातात उतरायला शेकडो रात्री लागतात. जोडीला प्रबंध असतो. केलेल्या आणि पाहिलेल्या प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद लॉगबुकात होते आणि तिच्याखाली मार्गदर्शकाची सही लागते. रोजमेळ लिहिण्याची सवय असलेल्या घरातील मुलांना ही वही परकी वाटू नये.

या वहीत काय काय येते ते पाहण्यासारखे आहे. आडव्या उगवलेल्या अक्कलदाढा येतात, कारण रोजचे काम तेच. लहानपणी हनुवटीवर पडलेला आणि त्यामुळे कानापुढचा सांधा हाडाने जुळून गेलेला मुलगा येतो. त्याचे तोंड उघडत नाही, खालचा जबडा वाढलेला नाही आणि झोपेत श्वास कोंडतो. जन्मतः ओठ किंवा टाळू फाटलेले बालक येते. जबडा फार पुढे किंवा मागे असल्याने घास चावता न येणारी तरुणी येते. अशा जबड्याचे हाड तोंडाच्या आतूनच चिरून सरकवण्याची पद्धत ह्यूगो ओबवेगेसर यांनी 1950 च्या दशकात रूढ केली आणि जगभर आजही तीच वापरली जाते. शिवाय गालाच्या किंवा जिभेच्या कर्करोगाचे रुग्ण येतात. त्यांचा जबड्याचा भाग काढून टाकल्यावर पायाच्या पोटरीतले बारीक हाड रक्तवाहिन्यांसह आणून तेथे बसवतात.

जैन विद्यार्थ्यापुढे या वाटेवर काही प्रश्न असे येतात, जे सहाध्यायांच्या मनातही येत नाहीत. कॅटगट नावाचा विरघळणारा धागा मेंढ्या-गुरांच्या आतड्यापासून बनतो; हाड भरण्याची काही चूर्णे गुरांच्या हाडांपासून तयार होतात; जखमेवर घालण्याचे कोलॅजनचे पापुद्रेही प्राणिजन्य असतात. पॉलिग्लॅक्टिनसारखा कृत्रिम धागा, कृत्रिम हायड्रॉक्सिअपेटाइट किंवा रुग्णाचेच स्वतःचे हाड हे पर्याय उपलब्ध आहेत आणि अनेक कामांत ते चांगले चालतात. आपल्या तोंडात काय घातले जात आहे हे विचारणाऱ्या श्रावक रुग्णाला नेमके उत्तर देणारा शल्यविशारद लाभला, तर त्याला केवढा दिलासा वाटत असेल! पण सर्वत्र पर्याय असतोच असे नाही. रक्त गोठू नये म्हणून दिले जाणारे हेपॅरिन डुकराच्या आतड्यापासून काढतात, आणि जीव टांगणीला लागला असता तेथे घासाघीस करता येत नाही. चौविहाराचेही तसेच. सूर्यास्तापूर्वीचे जेवण शस्त्रक्रियागृहातच हुकते आणि मग सकाळपर्यंत काही नाही. काही मुले नियम तात्पुरता शिथिल करतात, काही उपाशी उभी राहतात. पर्युषणात आपली रात्रपाळी बदलून घेण्यासाठी दिवाळीची पाळी आनंदाने पत्करतात. जबडे तारेने बांधलेल्या जैन रुग्णाला दिवसातल्या सहा पातळ आहारांची वेळ सूर्यास्ताआत कशी बसवायची, हे मात्र त्यांना कोणी शिकवावे लागत नाही.

सर्वांत अवघड प्रसंग घरातच येतो. या विभागात शिकणाऱ्या प्रत्येकाच्या खिशात मोजपट्टी असते. रुग्णाने तोंड उघडले, की वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधले अंतर तो मिलिमीटरमध्ये मोजतो. निरोगी प्रौढात ते साधारण पस्तीस ते पंचेचाळीस असते. बाह्यरुग्ण विभागात वीस-बावीस वर्षांची मुले येतात, ज्यांचे तोंड पंधरा मिलिमीटरही उघडत नाही; गालाची आतली त्वचा पांढरी, कडक, दोरीसारखी झालेली असते, तिखट लावून घेत नाही. या रोगाला ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. त्याचे कारण सुपारी आहे. तंबाखू नसलेली, नुसती सुपारीही. वैद्यकीय वाङ्मयात त्याचे पहिले आधुनिक वर्णन श्वार्ट्झ यांनी 1952 मध्ये केले, आणि ते केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला मानवात कर्करोग निर्माण करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात बसवले. महाराष्ट्राने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी आणली, पण सुपारी आहे तेथेच आहे.

“आमच्या घरात व्यसन नाही,” हे वाक्य व्यापारी जैन घरांत अभिमानाने म्हटले जाते आणि बहुतांशी ते खरेही असते. तरीही जेवणानंतर फिरणाऱ्या मुखवासाच्या डबीत बडीशेप आणि धणाडाळीशेजारी गोड, सुगंधी सुपारीचा एक कप्पा असतो आणि त्यात सर्वांत आधी हात जातो तो लहान मुलांचा. सुट्टीत घरी आलेली निवासी डॉक्टर तो कप्पा रिकामा करते, तेव्हा कोणी फारसे बोलत नाही. दुकानाच्या फळीवरच्या पुड्यांविषयी तिने तोंड उघडले, की मात्र बैठक पुन्हा भरते. श्रावकाने टाळायच्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे आणि प्रतिक्रमणात त्याचा उच्चार होत असतो. सुपारी त्यात मोडते का, हा वाद साधू-भगवंतांपुढे न्यावा. पंधरा मिलिमीटरचे तोंड घेऊन येणाऱ्या मुलाचा वाद तिच्यापुरता मिटलेला असतो. एवढे मात्र खरे, की फळीवरून तो माल हटवणाऱ्या दुकानदाराचे गिऱ्हाईक काही दिवस शेजारी जाते आणि ही तूट सोसावी लागते. ती सोसणारी दुकाने आहेत. त्यांचा उल्लेख कोणत्याही सत्कारात होत नाही. या रोगात गालाची लवचीकता पूर्ववत करणारे औषध नाही. सुपारी सोडणे, तोंड उघडण्याचे व्यायाम, गालात इंजेक्शने, आणि फार झाले तर पट्टे कापून तेथे दुसरीकडचे मांस बसवणे, एवढेच हाती असते; शस्त्रक्रियेनंतर महिनोन् महिने व्यायाम चुकवला तर तोंड पुन्हा आवळते.

कमाईचे काय, हा प्रश्न आता उरतो. एम.डी.एस. झालेल्याला सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वर्षी पहिले खरे उत्पन्न सुरू होते आणि आरंभी ते चुलतभावाच्या दुकानापुढे किरकोळ असते. पुष्कळ जण सल्लागार म्हणून हिंडतात. स्वतःच्या हत्यारांची पेटी मोटारीत, सकाळी एका दवाखान्यात अक्कलदाढ, दुपारी दुसरीकडे इम्प्लांट, रात्री तिसऱ्या रुग्णालयात अपघात. हे फिरत्या व्यापाऱ्याचे जिणे आहे. तालुक्याच्या गावांत पत निर्माण व्हायला तीन-चार वर्षे जातात आणि ती झाली की सहसा जात नाही. ज्यांना कर्करोग, फाटलेले ओठ-टाळू किंवा कवटी-चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेत खोल जायचे आहे, ते आणखी एक-दोन वर्षे फेलोशिप करतात. सैन्याच्या दंतवैद्यकीय दलातही या शाखेला स्थान आहे. अध्यापनाची वाट वेगळी. महाविद्यालयात व्याख्याता म्हणून लागून पुढे प्रपाठक आणि प्राध्यापक होता येते. त्यासाठी अध्यापनाची वर्षे आणि शोधनिबंध लागतात. पगारात श्रीमंती नाही, पण सर्वांत गुंतागुंतीचे रुग्ण तेथेच येतात आणि पुढची पिढी तेथेच घडते. अनेक शल्यविशारद सकाळी महाविद्यालय आणि सायंकाळी स्वतःचे काम अशी सांगड घालतात. एक तक्रार सगळ्यांच्या तोंडी असते : चेहऱ्याचा जखमी आला तरी कित्येक रुग्णालयांत बोलावणे दुसऱ्याच शाखेकडे जाते, कारण ‘दाताचा डॉक्टर’ हे काम करतो याची कल्पनाच नसते.

परदेशाचा विचार करणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. भारतीय एम.डी.एस.च्या बळावर ब्रिटन किंवा अमेरिकेत थेट या शाखेचा शल्यविशारद होता येत नाही. ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत या शाखेसाठी दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात. अमेरिकेत दंतवैद्यकानंतर चार वर्षांचे निवासी प्रशिक्षण असते किंवा एम.डी. पदवीसह सहा वर्षांचे. म्हणजे कझांजियनने स्वतःहून चोखाळलेली वाट तेथे पुढे रीतसर बांधली गेली. भारतात एकाच पदवीवर ही विद्या मिळते, ही सोयही आहे आणि मर्यादाही.

मुलींविषयी स्वतंत्र दोन शब्द हवेत. दंतवैद्यक महाविद्यालयांच्या वर्गांत आता मुलीच अधिक दिसतात, पण शल्यचिकित्सेकडे वळताना घरचे त्यांना अडवतात. हाडाच्या कामाला बळ लागते हा जुना समज आहे. ड्रिल आणि करवत विजेवर चालतात, बोटांचा अंदाज मात्र विजेवर चालत नाही. लग्न ठरवताना रात्रपाळीची गोष्ट लपवून ठेवणाऱ्या घरांना पुढे जो मनस्ताप होतो, तो आधीच सांगणाऱ्यांना होत नाही.

महाविद्यालय निवडताना व्यापारी डोळा उपयोगी पडतो, फक्त तो योग्य ठिकाणी लावायला हवा. खासगी संस्थांतील पदव्युत्तर शुल्क दरवर्षी लाखोंच्या घरात असते. महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेला आकडा पाहता येतो आणि त्यावर कोणी अधिक मागितले तर तेथेच थांबावे. संगमरवरी प्रवेशद्वार आणि वातानुकूलित सभागृह पाहून भुलू नये. मुंबईचे शासकीय दंत महाविद्यालय सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात आहे, तर महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय नायर रुग्णालयाच्या जोडीने चालते. अशा ठिकाणी अपघाताचा रुग्ण शोधायला जावे लागत नाही. शहराबाहेरच्या एखाद्या देखण्या इमारतीत तीन वर्षांत जबड्याचे मोजके अस्थिभंग पाहून पदवी घेतलेलाही शल्यविशारदच म्हणवतो. म्हणून वडिलांनी प्रवेशाआधी मुलीला घेऊन तेथे एक सकाळ काढावी. बाह्यरुग्ण विभागाबाहेरच्या बाकावर तासभर बसले, की किती माणसे येतात ते कळते. मग तिसऱ्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला चहाला न्यावे आणि त्याचे लॉगबुक दाखवायला सांगावे. त्यात ‘पाहिले’, ‘मदत केली’ आणि ‘स्वतः केले’ अशा नोंदी वेगवेगळ्या असतात. शेवटच्या प्रकारच्या नोंदी मोजाव्यात.